४८ दिवसांच्या फोनची बखर

१/
फसलेल्या उपकरणांची एखादी यादी दर काही महिन्यांनी समाजमाध्यमांवर फिरते. तिच्यात एक नाव हमखास असते : मायक्रोसॉफ्टचा ‘किन’. नावापुढे एकच वाक्य असते, की हा फोन ४८ दिवसांत बंद पडला. वाचणारे हसतात आणि पुढे सरकतात. आजचा धागा त्या एका वाक्याविरुद्ध आहे.

२/
मराठ्यांचा इतिहास शिकणाऱ्या मुलीने अमेरिकेतल्या एका विस्मृत मोबाईलवर का लिहावे, असा प्रश्न काहींना पडेल. मोडी पत्र हाती घेताना साधनचिकित्सेचा जो नियम आम्हांला शिकवला जातो, तोच नियम पंधरा वर्षांपूर्वीच्या वस्तूलाही लागू आहे. इतक्या जवळच्या काळाबाबत आपण तो पाळत नसू, तर अठराव्या शतकाबाबत पाळतो या आपल्या दाव्यावर कोणी विश्वास का ठेवावा?

३/
आधी निर्विवाद गोष्टी. १२ एप्रिल २०१० रोजी मायक्रोसॉफ्टने ‘किन वन’ आणि ‘किन टू’ हे दोन फोन जाहीर केले. बनावट शार्प या जपानी कंपनीची, विक्री अमेरिकेतल्या व्हेरायझनकडे. ग्राहक कोण, हेही ठरलेले होते : फेसबुक, मायस्पेस आणि ट्विटरवर ज्यांचा दिवस जातो अशी तरुण मंडळी. दोन्ही फोनांना बाहेर सरकणारा, खऱ्या कळांचा कीबोर्ड होता.

४/
या फोनाला पूर्वपीठिका होती. ‘डेंजर’ नावाच्या कंपनीने २००२ पासून ‘साइडकिक’ हा फोन लोकप्रिय केला होता. संदेश टंकण्यात तरबेज असलेल्या अमेरिकी तरुणांचा तो आवडता. त्यातील संपर्क, छायाचित्रे आणि नोंदी कंपनीच्या सर्व्हरवर आपोआप जात. मायक्रोसॉफ्टने २००८ मध्ये डेंजर विकत घेतली. तिथली माणसे आणि तिथला अनुभव यांतूनच किनचा प्रकल्प उभा राहिला.

५/
किनची तीन अंगे ध्यानात ठेवा. पुढे ती लागतील. ‘लूप’ म्हणजे फोनचा पहिला पडदा : मित्रांच्या ताज्या नोंदी थेट तिथेच. ‘स्पॉट’ म्हणजे पडद्याच्या तळाशी असलेले वर्तुळ : छायाचित्र किंवा नकाशा बोटाने ओढून त्यावर सोडायचा, मग मित्रांची नावेही तिथेच सोडायची, की रवानगी झाली. आणि ‘स्टुडिओ’ म्हणजे संकेतस्थळ : तुमची छायाचित्रे, चलचित्रे व संदेश तारीखवार लावून ठेवणारे, फोन हरवला तरी शाबूत राहणारे.

६/
आता उणिवा. लूपमधील नोंदी सुमारे पंधरा मिनिटांनी ताज्या होत. मित्रांशी सतत जोडलेले राहण्यासाठी घेतलेल्या फोनात पाव तासाचा उशीर! दिनदर्शिका नव्हती. अॅप उतरवून घेण्याचे दुकान नव्हते. खेळ नव्हते. तत्काळ गप्पांची, म्हणजे चॅटची, सोय नव्हती. ट्विटर होते, पण दुसऱ्याचे ट्वीट पुढे पाठवता येत नव्हते. साठवण वाढवण्यासाठी मेमरी कार्डाची खाचही नव्हती.

७/
आणि खर्च. सवलत व दोन वर्षांचा करार धरून किन वन सुमारे ५० डॉलरला आणि किन टू सुमारे १०० डॉलरला मिळे. हे स्वस्तच म्हणायचे. परंतु महिन्याला ३० डॉलरचा डेटा प्लॅन सक्तीचा होता. बोलण्याचे शुल्क मिळवले, की महिन्याचे बिल ७० डॉलरच्या आसपास जाई. म्हणजे दोन वर्षांत सुमारे १,७०० डॉलर. तेवढ्याच मासिक खर्चात पूर्ण स्मार्टफोन वापरता येत होता.

८/
शेवट सर्वांना ठाऊक आहे. ६ मे २०१० रोजी ऑनलाइन आणि १३ मे रोजी दुकानांतून विक्री सुरू झाली. ३० जूनला मायक्रोसॉफ्टने प्रकल्प गुंडाळत असल्याचे जाहीर केले. युरोपात व्होडाफोनमार्फत फोन आणण्याचा बेतही रद्द झाला. दुकानातल्या तारखेपासून मोजले तर ४८ दिवस भरतात. ऑनलाइन विक्रीपासून मोजले तर ५५. पण ‘४८’ हा आकडा तोंडात बसला आणि दुसरा कोणी मोजलाच नाही.

९/
बखर अशीच तयार होते. घटना घडून जाते, निकाल लागतो आणि मग निकाल माहीत असलेला लेखक मागे वळून गोष्ट रचतो. त्याच्या गोष्टीत प्रत्येक पाऊल शेवटाकडेच पडत असते. संशयाला, दुमताला, ‘कदाचित’ला तिथे जागा उरत नाही. बखर खोटीच असते असे नाही. परंतु ती निकालानंतरची असते, हे विसरले की आपण फसतो.

१०/
इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध केला तो याच जाणिवेतून. त्यात १७५० ते १७६१ या काळातील पत्रे आहेत. पत्र लिहिणाऱ्याला पानिपताचा निकाल ठाऊक नव्हता, हेच त्या पत्राचे मोल. त्याची चिंता, त्याची आशा आणि त्याचा चुकलेला अंदाजसुद्धा पुरावा ठरतो. बखरकाराची हळहळ त्या जागी बसवता येत नाही.

११/
किनच्या बाबतीत अशी ‘पत्रे’ आहेत का? आहेत. मे आणि जून २०१० मध्ये ज्यांनी पदरचे पैसे मोजून हा फोन घेतला, त्यांचे अभिप्राय. फोन बंद होणार हे त्यांना ठाऊक नव्हते. आणि ते अभिप्राय एकसुरी नाहीत. यादीतल्या त्या एका वाक्यावरून वाटेल, की सर्वांनी तो फेकून दिला असेल. तसे झालेले नाही.

१२/
आवडलेल्या गोष्टी पुन्हापुन्हा आढळतात. कॅमेरा : किन टूचा ८ मेगापिक्सेलचा, ७२०पी चित्रण करणारा, त्या किमतीत ही चैन होती. कीबोर्ड : अंगठ्यांना सरावाचा. किन वनचा मुठीत मावणारा गोलसर घाट. आणि सर्वांत अधिक कौतुक स्टुडिओचे. काढलेला फोटो काही न करता संगणकावर तारखेसह दिसतो, याचे तेव्हाच्या वापरकर्त्याला अप्रूप होते.

१३/
नावडलेल्या गोष्टीही तितक्याच ठाम आहेत. उशिराने येणाऱ्या नोंदी, अडखळणारा पडदा, नसलेली दिनदर्शिका आणि महिन्याचे बिल. इथे एक बारकावा आहे, तो निसटू देऊ नका. पुष्कळदा स्तुती आणि तक्रार एकाच माणसाची असते. फोन आवडतो, पण बिल परवडत नाही. फोटो सुरेख येतात, पण ट्विटरवर धड वावरता येत नाही.

१४/
अशा दुमताचे आपण काय करतो? सरासरी काढतो. पाच तारे देणारा एक आणि एकच तारा देणारा दुसरा, म्हणून फोन तीन ताऱ्यांचा! या सरासरीतला तीन ताऱ्यांचा माणूस प्रत्यक्षात कुठेच नसतो. एका गावाने महसूल भरला आणि दुसऱ्याने बंड केले, तर दोन्ही गावे ‘मध्यम समाधानी’ होती असे आपण लिहू का? दुमत हीच तिथली बातमी असते. कोण खूश आहे, कोण नाराज आहे आणि त्या दोघांत फरक कशाचा आहे, हे शोधणे हेच इतिहासाचे काम.

१५/
हा फरक शोधू लागले, की किनची गोष्ट पालटते. साधा मोबाईल सोडून आलेला माणूस बहुधा खूश दिसतो. त्याला मिळाले ते अधिकच होते. आयफोन किंवा अँड्रॉइड पाहिलेला माणूस नाराज दिसतो. त्याला नसलेलेच आधी डोळ्यांत भरते. वस्तू एकच, पण ती कुठल्या पायरीवरून पाहिली यावर मत ठरले. आणि बिल मात्र दोघांनाही स्मार्टफोनचेच आले.

१६/
याला पडताळाही आहे. २०१०च्या अखेरीस व्हेरायझनने उरलेला माल ‘वन एम’ आणि ‘टू एम’ या नावांनी पुन्हा विकायला काढला. लूप नाही, स्टुडिओ नाही, आणि डेटा प्लॅनची सक्तीही नाही. ज्या कारणासाठी हा फोन जन्माला आला तेच काढून टाकल्यावर तो साधा, बऱ्या कॅमेऱ्याचा, स्वस्त फोन म्हणून विकला गेला. ‘४८ दिवसांत मेला’ म्हणणाऱ्यांनी हे दुसरे आयुष्य कुठल्या रकान्यात घातले?

१७/
विक्रीबाबतचीही एक दंतकथा आहे : अवघे ५०० फोन खपले. ही त्या उन्हाळ्यात पसरलेली अफवा होती. त्याच वेळी फेसबुकवर किनमार्फत येणारे वापरकर्ते काही हजारांच्या घरात दिसत होते. विक्री थोडी झाली यात वाद नाही. पण ‘थोडी’ हा निष्कर्ष आहे आणि ‘५००’ ही गावगप्पा आहे. गावगप्पेला आकड्याचा अंगरखा चढवला म्हणून तिचा पुरावा होत नाही.

१८/
आता दुसऱ्या बाजूलाही खडसावले पाहिजे. यादीवाल्यांना उत्तर म्हणून काही चाहते सांगतात, की किन काळाच्या पुढे होता. आयक्लाउड २०११ मध्ये आले, गूगल फोटोज २०१५ मध्ये, आणि स्टुडिओने ते आधीच करून दाखवले. हीसुद्धा बखरच, फक्त हरलेल्या पक्षाची. सर्व्हरवर माहिती आपोआप जपण्याची रीत साइडकिकमध्ये २००२ पासून होती. किनने वारसा पुढे नेला, चमत्कार केला नाही.

१९/
शिवाय त्या वारशावर एक डाग होता. ऑक्टोबर २००९ मध्ये डेंजरचे सर्व्हर कोसळले. असंख्य साइडकिकधारकांचे संपर्क आणि छायाचित्रे गेली असे आधी सांगण्यात आले. पुढे मायक्रोसॉफ्टने बहुतांश माहिती परत मिळवल्याचे कळवले. पण दुसऱ्याच्या कपाटात ठेवलेली आठवण एका रात्रीत नाहीशी होऊ शकते, हे लोकांना तेव्हाच कळले. किन बाजारात आला तो त्यानंतर अवघ्या सात महिन्यांनी.

२०/
आणि आता मूळ मुद्दा. ३१ जानेवारी २०११ रोजी स्टुडिओ बंद झाला. अभिप्राय पुन्हा वाचा. ज्या गोष्टीवर सर्वाधिक टीका झाली तो फोन त्यानंतरही चालत होता. त्यावरून बोलता येत होते, संदेश जात होते. ज्या गोष्टीचे सर्वाधिक कौतुक झाले ती मात्र कंपनीने एका तारखेला मिटवली. ज्यांनी फोनवर सर्वाधिक विश्वास टाकला, त्यांचीच हानी सर्वांत मोठी ठरली.

२१/
हे ‘४८ दिवस’ या वाक्यात कुठे आहे? कुठेच नाही. कारण ते वाक्य कंपनीच्या बाजूने मोजलेले आहे. प्रकल्प किती दिवस टिकला, किती पैसा बुडाला, कोणत्या अधिकाऱ्याचे चुकले. मायक्रोसॉफ्टने किनपोटी किमान २४ कोटी डॉलरचा तोटा हिशेबात दाखवला. तो आकडा नोंदला गेला आणि आज कोणालाही पाहता येतो. एखाद्या मुलीच्या आठ महिन्यांच्या फोटोंची व संदेशांची तारीखवार मांडणी गेली, ती कोणत्या खतावणीत जमा आहे?

२२/
आक्षेप येईल : फोटो तर फोनातही असतील, उतरवून घ्यायला अवधीही होता, मग हानी कसली? उत्तर असे. फोटो म्हणजे सुटा कागद. त्याची तारीख, त्याच्या आगेमागे आलेले संदेश, तो कोणाला धाडला याची नोंद, या सर्वांनी मिळून दफ्तर बनते. पेशवे दफ्तरातला रुमाल सोडून त्यातले कागद उधळून दिले, तर एकही कागद न फाटता दफ्तर नष्ट होते. क्रम हाही पुरावाच असतो.

२३/
दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे : तरुणांच्या गप्पा आणि पार्टीचे फोटो यांना इतिहासाचे साधन म्हणणे हास्यास्पद नाही का? असेच हसू एके काळी जुन्या वाड्यांच्या माळ्यांवरच्या कागदांनाही मिळाले. जमाखर्च, उसनवारीच्या चिठ्ठ्या, लग्नाची बोलणी, या साऱ्यांना रद्दी समजून अनेक घरांनी घालवून टाकले. आज त्याच कागदांवरून आम्ही धान्याचे भाव काढतो, नाती जुळवतो, दुष्काळ मोजतो. साधन कोणते हे निर्माण होताना ठरत नाही. प्रश्न विचारणारा जन्मल्यावर ठरते.

२४/
माळ्यावरच्या कागदाला एक मोठा फायदा होता. त्याच्याकडे दुर्लक्ष झाले तरी तो टिकत असे. वाळवी, पाऊस आणि वाण्याची पुडी यांतून वाचला, की शंभर वर्षांनी राजवाड्यांसारखा कोणी दारात उभा राही. सर्व्हरवरचा कागद दुर्लक्षाने टिकत नाही. त्याला रोज वीज लागते, रोज पैसा लागतो आणि मालकाची रोजची इच्छा लागते. मालकाची इच्छा संपली, की शंभर वर्षे कशाला, शंभर दिवसही मिळत नाहीत.

२५/
‘तो अमेरिकेचा प्रश्न’ म्हणून सुटू नका. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. भारत हा त्याच्या सर्वांत मोठ्या प्रदेशांपैकी एक होता. त्यावर मराठी समुदाय होते, गडकोटांवरचे वाद होते, मैत्रिणींनी एकमेकींना लिहिलेली स्क्रॅपे होती. माझ्या पिढीच्या थोरल्या भावंडांनी इंटरनेटवर पहिल्यांदा मराठी लिहिले, त्यांतल्या अनेकांनी ते तिथेच. माहिती उतरवून घेण्याची सोय दिली गेली होती, हे खरे. ती किती जणांनी वापरली? तुमच्या घरी विचारून पाहा.

२६/
म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे. किन हा वाईट रीतीने आखलेला, महाग पडणारा आणि अपुरा फोन होता. त्याची वकिली मी करत नाही. पण ‘अपयशी’ हा शब्द कंपनीच्या मृत्युलेखातला आहे. तो इतिहासाचा निष्कर्ष म्हणून चालवून घेणे म्हणजे विजेत्याऐवजी व्यापाऱ्याने लिहिलेली बखर डोक्यावर घेणे. वापरणाऱ्यांच्या दुमताकडे पाहिल्यावर प्रश्नच बदलतो. फोन किती दिवस चालला, हा प्रश्न मागे पडतो. लोकांनी त्यात काय ठेवले आणि ते कोणाच्या हाती गेले, हा प्रश्न पुढे येतो.

२७/
पुढच्या वेळी अशी यादी दिसली, तर तीन गोष्टी विचारा. हे केव्हा लिहिले : निकालाआधी की नंतर? मोजणारा कोण : विकणारा की वापरणारा? आणि वापरणाऱ्यांत दुमत होते का? असेल, तर ते कुठे गायब झाले? हे तीन प्रश्न पानिपतालाही चालतात आणि मोबाईललाही.

२८/
आणि एक काम आजच करा. तुमच्या सध्याच्या फोनात जी आठवण तुम्हांला अमोल वाटते, तिची एक प्रत स्वतःच्या ताब्यात ठेवा. तारीख, ठिकाण आणि माणसांची नावे लिहून. जमल्यास कागदावर. दोनशे वर्षांनी कोणी आपल्या काळाचे दफ्तर शोधत आले, तर त्याला निदान एक रुमाल सापडावा.

२९/
तारखेत, आकड्यात किंवा तर्कात चूक दिसली तर पुराव्यासह जरूर दाखवा. दुरुस्ती याच धाग्याखाली नोंदवीन. आणि कोणाच्या घरच्या खणात एखादा जुना, बंद पडलेला फोन असेल, तर फेकण्याआधी एकदा चार्जिंगला लावून पाहा. आत कोणाची पत्रे आहेत, काय सांगावे.